पाच स्पेस आत

आमच्याकडे लग्न ठरलं की पत्रिकेचा मजकूर छापखान्यात जायच्या आधी माझ्या हातात येतो. मान म्हणून नव्हे. मी आधी पाहिला नाही तर छापील पत्रिका आल्यावर आठवडाभर घरात जी कुरकुर करते, ती टाळण्यासाठी. "आई, नीट वाच हं," असं मुलगा बजावतो. मी वाचतच नाही. मागच्या खेपेला खुद्द नवऱ्यामुलाचं नाव चुकलं होतं, ते मला दिसलं नाही. पण 'आपले नम्र' हे शब्द दोन अक्षरं डावीकडे सरकलेत, हे मी चष्म्याशिवाय सांगितलं. "आईची पाच स्पेस सुरू झाली," म्हणून पोरं हसतात. हसू देत. त्यांनी मास्तर पाहिलेले नाहीत.

मास्तर म्हणजे नंदुरबारचे माझे टायपिंगचे मास्तर. तेव्हा पंचायत समित्या नुकत्याच निघाल्या होत्या आणि टायपिंग येणाऱ्याला बोलावून नोकरी देतात अशी हवा होती. मी ब्राह्मणपुरीची, कापूस-केळीच्या घरातली, मॅट्रिक झालेली आणि लग्न जमत नसलेली. लग्न जमेपर्यंत पोरीची बोटं तरी रिकामी नकोत, एवढ्याच विचाराने वडिलांनी मला नंदुरबारला फुईकडे, म्हणजे आत्याकडे, ठेवलं. बोटं कामाला लागली हे खरं. कागदावर जे उमटायचं ते मात्र मलाही वाचता येत नसे.

क्लास स्टेशनरोडला, मिरचीच्या गोदामाच्या वर. लाकडी जिना, वर एक लांबट खोली, तिच्यात चार मशिनं, आणि मागे पडद्याआड मास्तरांचा संसार. हंगामात खाली मिरचीची पोती उपसायला लागले की वर चार मशिनांवर चार माणसं एकदम शिंकायची. शिंकेच्या धक्क्याने बोट भलत्याच कळीवर पडतं, कागद वाया जातो. म्हणून मास्तरांचा नियम होता: शिंक येणार असं वाटलं की दोन्ही हात वर. खालून नवा माणूस जिना चढून आला तर त्याला दिसायचं, चार माणसं मशिनांपुढे हात वर करून बसलीत आणि मधे एक किडकिडीत गृहस्थ काळी टोपी घालून शांत उभा आहे. एकदा एक पाहुणा दरोडा पडलाय असं समजून तसाच उलटा खाली गेला.

पहिल्या दिवशी माझा कागद त्यांनी उजेडात धरला. "अहो," ते म्हणाले. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी 'अहो' म्हटलं, मी मागे वळून पाहिलं. "अहो, तुम्हालाच. ही काय मिरची वाळत घातली आहे का?"

"नाही, मास्तर."

"मग अशी पसरली का? समास कुठे आहे? परिच्छेद कुठे सुरू झाला? वाचणाऱ्याने श्वास कुठे घ्यायचा?" आणि कागद फाडला. फाडायचाही त्यांचा एक रिवाज होता: आधी उभा, मग आडवा, चारही तुकडे सारखे.

मास्तर मजकुराकडे बघतच नसत, म्हणजे त्याच्या बऱ्यावाईटाकडे. "शब्द ज्याचे त्याचे," ते म्हणत, "आपलं काम मांडणी. शब्दाला हात लावायचा नाही." डाव्या बाजूला दहा स्पेस. परिच्छेद पाच स्पेस आत. मुद्द्याखाली पोटमुद्दा, तो आणखी पाच आत. एकदा एक तापट शेतकरी अर्ज लिहून घेऊन आला. त्यात तिसऱ्या मुद्द्यात त्याने तलाठ्याला गाढव म्हटलं होतं. आम्ही सगळे मास्तरांकडे बघत राहिलो. मास्तरांनी विचारलं, "हे काढायचं का?" तो म्हणाला, "नही." झालं. मास्तरांनी तो शब्द मुद्दा तीन, पोटमुद्दा अ, असा दहा स्पेस आत नीट बसवून दिला. पुढे कळलं की साहेबाने तो अर्ज दोनदा वाचला, हसला आणि विचारलं, "अ आहे, मग ब कुठे गेला?" शेतकऱ्याने तिथल्या तिथे ब तोंडी सांगितला म्हणे.

हा नाद कागदापुरता असता तर गोष्ट वेगळी. जेवताना ताटात भाकरीच्या डाव्या अंगाला दोन बोटं जागा सुटलेली लागायची. दोरीवर धोतर, मग पाच बोटं सोडून सदरे, मग आणखी आत टोप्या. स्टेशनात तिकिटाच्या खिडकीशी झुंबड दिसली की हे स्वतःचं तिकीट विसरून माणसांना रांगेत लावत बसायचे आणि गाडी निघून जायची. बोलतानासुद्धा विषय बदलायचा झाला की आधी तशी सूचना द्यायचे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, पानात वाढत असायच्या आणि हे गंभीरपणे म्हणायचे, "नवीन परिच्छेद. मीठ कमी आहे."

काकूंचं उत्तर अहिराणीत यायचं. "मीठ तठे शे. लई ल्या." म्हणजे मीठ तिथे आहे, घ्या. क्लासच्या खोलीत मास्तर स्वतः पुस्तकी मराठी सोडून अक्षर बोलत नसत. काकूंना मात्र ती पुस्तकी भाषा पडद्याबाहेर, क्लासातच, ठेवलेली बरी वाटायची.

त्यांची खरी मिजास मात्र पट्ट्यांची. मराठी मशीन जुनं होतं. मशीनच्या पाठीमागे खटके बसवायची सोय असते. एक कळ दाबली की कॅरेज सरकत जातं आणि खटक्याशी येऊन थांबतं. ते खटके कधीच हरवले होते. मास्तरांनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून, दुहेरी ठोकून, कानशीने दात पाडून स्वतःची पट्टी केली. मग दुसरी केली. मग थांबलेच नाहीत. अर्जाची पट्टी वेगळी, नोटिशीची वेगळी, भाडेचिठ्ठीची, वाटणीपत्राची, लग्नपत्रिकेची. भिंतीवर खिळ्यांना ओळीने टांगलेल्या असायच्या. हवी ती पट्टी मशीनमागे अडकवायची. मग तुम्ही नुसता मजकूर हाणत जा आणि कळ दाबत जा. मशीन आपोआप जिथल्या तिथे नेऊन सोडायचं. माझ्यासारखीचा कागदसुद्धा सरकारी दिसायला लागला, यापरता पुरावा नको. गावात लोक म्हणायचे, "मास्तरनं मशीन सोताच अर्ज मांडस." मास्तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि टोपी सारखी करायचे.

या पट्ट्यांचं काम काय, ते मला एका वाटणीपत्राने शिकवलं. खापरकडचे दोन भाऊ आले होते. थोरल्याने कोणाकडून तरी मजकूर लिहून आणला होता, अख्खं पानभर, मधे कुठे श्वास नाही. धाकटा जिन्याच्या तोंडाशी उभा. थोरला म्हणाला, "टाइप करी द्या, यानी सही करनी शे."

मास्तरांनी पट्टी अडकवली. या पट्टीत ज्याचं नाव त्याच्याखाली पाच स्पेस आत त्याचा वाटा, एकेका ओळीत एकेक. टाइप झालं, कागद बाहेर निघाला. थोरल्याच्या नावाखाली विहिरीचं वावर, वरचं वावर, बैलजोडी, घर, खळं, असं सरसर खाली उतरत गेलेलं. धाकट्याच्या नावाखाली एक ओळ: नाल्याकाठचा तुकडा. तिच्याखाली पांढरा कागद.

थोरला बराच वेळ पाहत राहिला. "मास्तर, तुम्ही काही गायब करेल शे का?"

"एकही शब्द नाही. मोजून घ्या."

त्याने खरंच मोजले, बोट ठेवून. मग पुन्हा त्या पांढऱ्या जागेकडे पाहिलं. कागदाची घडी करून खिशात घातली आणि भावाला म्हणाला, "चाल, घर चाल." आठ दिवसांनी दोघं नवा मजकूर घेऊन आले. विहिरीचं वावर सामाईक होतं.

"तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत," मी म्हटलं.

"मी कशाला बोलू? शब्द गर्दीत लपून बसतात. त्यांना ज्याच्या त्याच्याखाली उभं केलं की झालं." मग लगेच, "नवीन परिच्छेद. तुमचा समास पुन्हा आठावर आलाय." आणि कागद फाडला.

एवढी जगाची मांडणी करणाऱ्या माणसाच्या घरात मात्र एक नाव घ्यायची चोरी होती. मला ते काकूंकडून कळलं, तांदूळ निवडताना. त्यांना एकच मुलगी. मास्तरांनी तिला स्थळ पाहिलं होतं, पत्रिकेची पट्टीसुद्धा तिच्याचसाठी पहिल्यांदा कापली होती. पोर म्हणाली, मला लग्न नको, मी चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होणार. माझी पोर परक्यांची घाण काढणार नाही, असं हे म्हणाले. कोणाला तरी काढावीच लागते, असं ती म्हणाली. "गेलीस तर या जिन्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही," असं हे म्हणाले, आणि सकाळच्या पॅसेंजरने ती गेली. त्याला चार वर्षं झाली होती. चिंचपाडा काही विलायतेत नाही. पॅसेंजरने तास-दीड तास.

"तुम्ही तरी जाऊन या ना, काकू," मी म्हटलं.

"मी गऊ ते चोरीना मामला. तिनीच या जिनावर पाय ठेवाले पाहिजे. दोन्ही आडमुठा शेतस, बाप बी नि आंडेर बी." काकूंनी एक खडा वेचून जोरात फेकला. "तुले सांगू? सुरतनी गाडी वाजस ना, हाई मानूस घड्याळ दखस."

ते मीही पाहिलं होतं. चिंचपाड्याकडून येणारी गाडी स्टेशनात शिटी देई तेव्हा मास्तर मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. मला वाटायचं, घड्याळ गाडीशी ताडून बघतात. ते घड्याळ मी होते तोवर बंद होतं, हे माझ्या लक्षात यायला चार महिने लागले. तर अशी मी हुशार.

वैशाखातल्या एका दुपारी मास्तर पोस्टात गेले, क्लासमध्ये मी एकटीच होते. पडदा बाजूला झाला आणि काकू आल्या. मशीनशेजारच्या स्टुलावर कधी न बसलेली बाई अंग चोरून बसली.

"पोरी, मी सांगस, तू छाप. तिले पत्र."

"मी हाताने लिहून देते ना."

"नही. हातनं कोनं बी ऱ्हास. या मशीनवर छापेल दखं ते तिले समजी, पत्र याच घरमाईन उनं."

त्या सांगत गेल्या, मी छापत गेले. भीतीने मी समास नाही, परिच्छेद नाही, एकापुढे एक शब्द कोंबत सुटले. शेवटचं वाक्य झालं आणि जिना वाजला. पोस्टाची खिडकी लवकर बंद झाली होती. काकू पडद्याआड झाल्या. मी कागद ओढायला गेले, तो रुळात अडकला. माझ्या हातून दुसरं काय होणार!

मास्तर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी वाचलं. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. पडद्याआड भांडंही वाजत नव्हतं. मला वाटलं, आता क्लास सुटला, आणि काकूंचं काय होईल देव जाणे.

"अहो," मास्तर म्हणाले, "समास कुठे आहे?"

मी रुळावरचा हात काढून घेतला.

"पत्र आहे ना हे? पत्राला मांडणी नको?" ते भिंतीकडे गेले, पट्ट्यांवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले, परत आले. "घरगुती पत्राची पट्टी नाही आपल्याकडे." ही गोष्ट त्यांना तेव्हाच कळल्यासारखं त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी पत्रा काढला, कात्री काढली, कानस काढली आणि खाली बसून पट्टी करायला घेतली. तासभर तरी. कानशीच्या आवाजाने माझे दात शिवशिवत होते. पट्टी अडकवून झाली. मला वाटलं, आता स्वतः टाइप करतील. त्यांनी माझं पहिलं पान हातात घेतलं आणि माझ्यासमोर उभे राहिले. "नवा कागद लावा. मी सांगतो."

आणि मास्तर, जे या खोलीत पुस्तकी मराठीखेरीज बोलत नसत, ते सरकारी पत्र सांगतात त्या सपाट आवाजात सांगायला लागले:

"बेटा. स्वल्पविराम. तू बरी शे का. प्रश्नचिन्ह. नवी ओळ, कळ दाबा. मी बरी शे. पूर्णविराम. नवीन परिच्छेद, कळ दाबा. तुन्हा बाप बी बरा शे. पूर्णविराम. त्याले खोकला शे पन सांगस नही. पूर्णविराम. तुन्ही खाट तठेच शे. पूर्णविराम. तिन्हावर तो कोनले बठू देत नही. पूर्णविराम. गाडी वाजनी का घड्याळ दखस. पूर्णविराम."

मी दुसऱ्याच ओळीत चूक केली. कागद फाडला. उभा, आडवा. "नवा कागद." पुन्हा, बेटा, स्वल्पविराम. तिसऱ्यांदा रिबन अडकली. चौथ्यांदा 'खोकला' चुकलं. मास्तरांनी एकदाही आवाज चढवला नाही. मी चुकायची आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सगळं तोंडाने म्हणावं लागायचं. तुन्हा बाप बी बरा शे. माझ्या वाईट टायपिंगचा कोणाला काही उपयोग झाला असेल तर तो त्या दुपारी.

सहाव्या कागदाला ते "तुन्ही खाट तठेच शे" इथपर्यंत आले आणि थांबले. मी कळीवर बोट ठेवून वाट पाहत होते. वर पाहिलं तर मास्तरांनी दोन्ही हात वर केले होते, शिंकेच्या नियमाप्रमाणे. खाली गोदाम रिकामं होतं. मिरचीचा हंगाम संपून दोन महिने झाले होते. मी माझेही हात वर केले. दोघं तसे थोडा वेळ राहिलो.

मग हात खाली घेऊन ते म्हणाले, "पूर्णविराम."

सातवा कागद बिनचूक उतरला. मी तो उजेडात धरला. आईबद्दल एक ओळ होती, वर. त्याखाली, पाच स्पेस आत, सगळा बाप उभा होता. आणि त्याच्याखाली काकूंचं शेवटचं: "दिवाळीले नको, लोके इचारतीन. साधा दिनले ये. एकदाव ये."

"आता शेवटची कळ," मास्तर म्हणाले. कॅरेज डावीकडच्या जागी थांबलं. "इथे त्यांचा अंगठा." पुन्हा कळ दाबली, कॅरेज घसरत उजव्या टोकाला गेलं आणि थांबलं. नव्या पट्टीला तिथे आणखी एक दात होता.

"इथे काय टाइप करू?"

"काही नाही. जागा सोडा."

"कोणाची सही, मास्तर?"

"शब्द त्यांचे आहेत," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "मी फक्त मांडणी करतो." आणि टोपी घालून पुन्हा पोस्टात गेले, मघाशी आपणच बंद झालेली पाहून आलो होतो त्या खिडकीवर.

काकूंनी शाई लावून अंगठा उठवला. दुसऱ्या दिवशी मी पत्र पेटीत टाकलं. मग रोज दुपारी गाडी वाजली की मास्तर घड्याळाकडे बघायचे, मी मास्तरांकडे बघायची आणि पडद्याच्या फटीतून काकू आम्हा दोघांकडे. दोन आठवडे गेले. तिसरा लागला. काकूंनी तांदूळ इतके निवडले की त्यात निवडायला काही उरलं नाही.

एका मंगळवारी, कसलाही सण नसलेल्या, गाडी वाजली आणि वीसेक मिनिटांनी जिना वाजला. पावलं हलकी होती. शेवटच्या पायरीखाली ती थांबली. दवाखान्याचं पांढरं लुगडं, हातात पिशवी, मास्तरांसारखीच किडकिडीत. कपाळ अगदी तेच.

"नाना," ती म्हणाली, "वर येऊ का?"

मास्तर माझ्या कागदाचा समास फूटपट्टीने मोजत होते. मोजायचे थांबले नाहीत. "पत्र कोणी लिहिलं?" त्यांनी पट्टीकडे बघत विचारलं.

"शब्द मायना शेतस. अक्षरं कोठे फिकी, कोठे गडद, छापणारी कोणीतरी नवशिकी शे." मी मान खाली घातली. "पन परिच्छेद पाच स्पेस आत कोन सरकावस, ते माले मालूम शे." ती शेवटची पायरी चढली आणि पिशवीतून तो कागद काढून त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. "आठे उजवीकडनी जागा मोकळी शे, नाना. अर्धा कागद कसा ठेवी लेऊ?"

मास्तरांनी कागद पाहिला. टाक उचलला, दौतीत बुडवला. मी त्यांच्या हजार सह्या पाहिल्या होत्या, ओळीवर तोलून ठेवलेल्या. ही सही सुरू झाली जागेवर, मग वर चढत गेली, समास ओलांडून थेट कागदाच्या कडेपर्यंत, आणि शेवटचं अक्षर निम्मं टेबलावर उमटलं.

ती वाकून बघत होती. "वाकडी उनी," ती हळूच म्हणाली. "दुसरा कागद लावू का?"

"ऱ्हाऊ दे," मास्तर म्हणाले.

पडदा सरकला. पुढचं मी पाहिलं नाही. म्हणजे पाहत होते, पण मास्तर म्हणाले, "अहो, तुमचं काम चालू द्या," आणि मी त्या दिवशी पानभर काय टाइप केलं ते कोणालाच सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी सुरतची गाडी वाजली. मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. आत पडद्यामागे दोन बायका कशावर तरी हसत होत्या, आणि इकडे ते माझा चौथा कागद फाडत होते. आधी उभा, मग आडवा.